राष्ट्रीय आराखडा आहे, मग रुग्णालयात होणाऱ्या संसर्गाचा हिशेब कोण ठेवतो?

लालबागकर (प्रश्न)

नमस्कार. माझी आई ७१ वर्षांची आहे. घरातच पाय घसरून पडल्याने तिचे खुब्याचे हाड मोडले आणि मुंबईतल्या एका खासगी रुग्णालयात तिच्यावर शस्त्रक्रिया करून कृत्रिम सांधा बसवावा लागला. शस्त्रक्रिया चांगली झाली, तिसऱ्या दिवशी ती वॉकर धरून उभी राहिली आणि आठवडा व्हायच्या आत आम्ही तिला घरी आणले. सोळाव्या दिवशी टाक्यांतून पाणी येऊ लागले आणि ताप चढला. जखमेच्या कल्चरचा रिपोर्ट आला तेव्हा त्यात ‘क्लेब्सिएला न्यूमोनिए’ असे जंतूचे नाव होते आणि खाली दिलेल्या औषधांच्या लांबलचक यादीत जवळजवळ प्रत्येक औषधापुढे ‘आर’ (रेझिस्टंट, म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देत नाही) लिहिले होते. डॉक्टरांनी शेवटी कोलिस्टिन सुरू केले, जखम दोनदा उघडून धुवावी लागली आणि या सगळ्या काळात आईच्या मूत्रपिंडांचे काय होईल या काळजीत आम्ही रोज रक्ताच्या रिपोर्टची वाट पाहत होतो. आता ती घरी आहे, चालते आहे.

रुग्णालयाने आम्हाला एवढेच सांगितले की घरी ड्रेसिंग करताना काहीतरी झाले असेल. ते ऐकून आईलाच अपराधी वाटू लागले, आणि ते मला फार लागले आहे. आमच्या घरी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय कोणी गोळी घेत नाही आणि दिलेला कोर्स कोणी अर्धवट सोडत नाही. तरीही प्रतिजैविकांना दाद न देणारा जंतू तिच्याच जखमेत कसा आला? प्रतिजैविक प्रतिरोधाविरुद्ध २०१७ पासून देशाचा राष्ट्रीय कृती आराखडा आहे आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये दुसराही आला, असे वाचले. या आराखड्याने रुग्णालयावर काही बंधन येते का? एखाद्या रुग्णालयात शंभर शस्त्रक्रियांमागे किती जणांची जखम चिघळते, हा आकडा सामान्य माणसाला कुठे पाहायला मिळतो? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

निवृत्त सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, माहीम

लालबागकर, आधी आपल्या आईंच्या मनातला अपराध दूर करा. असा बहुप्रतिरोधी क्लेब्सिएला बहुतेक वेळा रुग्णालयातच वस्तीला असतो. एका रुग्णावरून दुसऱ्या रुग्णाकडे तो हातांवरून, कॅथेटरवरून, पलंगाच्या कठड्यावरून, सिंकमधून जातो, आणि ज्या रुग्णाकडे जातो त्याने आयुष्यात एकही प्रतिजैविक घेतलेले नसले तरी त्याला काही फरक पडत नाही. संसर्गाच्या गणनेचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांनुसार सांधा बसवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर ९० दिवसांपर्यंत जखमेत खोलवर झालेला संसर्ग हा शस्त्रक्रियेशी जोडूनच मोजतात. त्यामुळे ‘घरी गेल्यावर झाले’ एवढ्या वाक्यावर सोळाव्या दिवसाचा संसर्ग रुग्णालयाच्या हिशेबातून बाहेर जात नाही.

आता धोरणाविषयी. प्रतिरोध रोखण्याचे पहिले राष्ट्रीय धोरण २०११ मध्ये आले, २०१२ मध्ये देशातल्या वैद्यकीय संघटनांनी एकत्र येऊन चेन्नई जाहीरनामा काढला, जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये जागतिक आराखडा मंजूर केला आणि त्याला धरून आपला राष्ट्रीय कृती आराखडा एप्रिल २०१७ मध्ये जाहीर झाला. त्यात सहा प्राधान्ये होती: जनजागृती, प्रतिरोधावर पाळत, संसर्ग प्रतिबंध, औषधांचा योग्य वापर, संशोधन आणि नेतृत्व. यांतले तिसरे, म्हणजे संसर्ग प्रतिबंध, माझ्या मते सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपेक्षित आहे. जो संसर्ग झालाच नाही त्यासाठी प्रतिजैविक लागत नाही. जाहिरातींत मात्र आपण रुग्णालाच दटावत राहतो की कोर्स पूर्ण करा, मनाने गोळी घेऊ नका. ते बरोबरच आहे, पण तेवढ्याने अतिदक्षता विभागातला जंतू हलत नाही.

पाळतीचे काम या काळात खरोखरच वाढले, हे मान्य केले पाहिजे. आयसीएमआरचे, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे, प्रयोगशाळांचे जाळे २०१३ पासून चालू आहे आणि राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राचे वेगळे जाळे आहे. आयसीएमआरच्या अहवालात क्लेब्सिएलाचे जे चित्र आहे ते माझ्यासारख्या माणसाचीही झोप उडवणारे आहे. इमिपेनेम हे राखून वापरायचे औषध ज्यांवर चालते अशा क्लेब्सिएलाचे प्रमाण २०१७ मध्ये ५८.५ टक्के होते, ते २०२३ मध्ये ३५.६ टक्क्यांवर आले. हे नमुने मोठ्या रुग्णालयांतल्या गंभीर रुग्णांचे असतात, त्यामुळे गल्लीतल्या दवाखान्यात येणाऱ्या रुग्णाला हा आकडा जसाच्या तसा लावू नये. परंतु आपल्या आईंना कोलिस्टिन का द्यावे लागले याचे उत्तर त्यातच आहे. कोलिस्टिन हे १९५० च्या दशकातले औषध मूत्रपिंडांना अपाय करते म्हणून वैद्यकाने मागे ठेवले होते. दुसरे काही उरत नाही तेव्हाच आम्ही ते बाहेर काढतो. म्हणूनच जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने कोंबड्या आणि इतर खाद्य जनावरांसाठी कोलिस्टिनच्या वापरावर बंदी घातली, आणि तो निर्णय मला फार मोलाचा वाटतो.

बंधनाविषयी आपण विचारलेत, तर राष्ट्रीय आराखडा म्हणजे कायदा नाही. राज्यघटनेनुसार सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हा राज्यांचा विषय आहे, त्यामुळे दिल्लीत ठरलेले वॉर्डात उतरायचे असेल तर राज्याचा स्वतःचा आराखडा, निधी आणि माणसे लागतात. केरळने ऑक्टोबर २०१८ मध्ये देशातला पहिला राज्य आराखडा केला, २०१९ मध्ये मध्य प्रदेशाने केला, पण पहिल्या आराखड्याची मुदत संपेपर्यंत हे काम केलेली राज्ये थोडीच होती. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी जाहीर झालेल्या २०२५ ते २०२९ च्या आराखड्यात निरनिराळ्या मंत्रालयांचे कार्यक्रम मुदत आणि निधीसह मांडण्याची रचना आहे, ही सुधारणा आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जानेवारी २०२० मध्ये संसर्ग प्रतिबंधाच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही काढल्या आणि त्या चांगल्या आहेत. परंतु त्या मार्गदर्शक सूचना आहेत, आणि रुग्णालयांच्या दर्जासाठी दिले जाणारे एनएबीएच मानांकन घेणे ऐच्छिक आहे.

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे ‘कुठेही नाही’ असे आहे. मुंबईतल्या अमुक रुग्णालयात शंभरांमागे किती जखमा चिघळतात, हे जाहीर करण्याची सक्ती आपल्याकडे नाही. इंग्लंडमध्ये रक्तातल्या एमआरएसए (मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू) संसर्गाची नोंद २००१ पासून सक्तीची झाली, रुग्णालयांचे आकडे नावानिशी छापले जाऊ लागले, २००४ मध्ये ते प्रमाण २००८ पर्यंत निम्म्यावर आणण्याचे लक्ष्य ठरले आणि ते गाठलेही गेले. एमआरएसए तिथेही औषधांना दाद न देणाराच जंतू होता. मोजणे, जाहीर करणे आणि रुग्णालयाच्या प्रमुखाला उत्तर द्यायला लावणे, एवढे बदलले. माझ्या चाळीस वर्षांच्या नोकरीत मी असंख्य कल्चर लावली, पण त्या रिपोर्टांची बेरीज करून महिन्याच्या शेवटी प्रशासनासमोर ठेवा, असे मला फार कमी वेळा सांगितले गेले. ती बेरीज सक्तीची व्हावी, अशी माझी ठाम मागणी आहे.

औषधविक्रेता, गिरगाव

वरील लेखन मनापासून पटले. एक बाजू मी जोडतो. औषधविक्रीच्या नियमांतली एच-१ अनुसूची, म्हणजे जास्त कडक नोंद लागणाऱ्या औषधांची यादी, १ मार्च २०१४ पासून लागू झाली. तिच्यातली औषधे विकताना डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याची संख्या वेगळ्या वहीत लिहावी लागते आणि ती वही तीन वर्षे जपून ठेवावी लागते. सेफिक्झिम, लिव्होफ्लॉक्सॅसिन, मेरोपेनेम ही त्या यादीत आहेत. ॲझिथ्रोमायसिन मात्र नाही, ते साध्या एच अनुसूचीत आहे, म्हणजे चिठ्ठी लागतेच पण या वहीत नोंद लागत नाही. पावसाळ्यात घसा धरला की लोक नेमके तेच मागायला येतात. मी चिठ्ठीशिवाय देत नाही, तेव्हा गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाते आणि बहुधा घेऊनच परतते. लहान दवाखान्यांतून पुडीत बांधून दिल्या जाणाऱ्या सुट्या गोळ्या तर माझ्या वहीत येतच नाहीत, आणि रुग्णालाही आपण कोणते औषध घेतले हे ठाऊक नसते. केरळच्या औषध नियंत्रण विभागाने जानेवारी २०२४ मध्ये ‘ऑपरेशन अमृत’ नावाने चिठ्ठीशिवाय होणाऱ्या विक्रीविरुद्ध अचानक तपासण्या सुरू केल्या. तशी मोहीम मुंबईत सगळ्या दुकानांवर एकाच वेळी झाली, तर नियम पाळणाऱ्या दुकानदाराचे नुकसान होणार नाही.

संसर्ग नियंत्रण परिचारिका

मी एका सार्वजनिक रुग्णालयात हेच काम करते, म्हणून वॉर्डातून लिहिते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या शिफारशींनुसार दर २५० खाटांमागे किमान एक प्रशिक्षित पूर्णवेळ व्यक्ती संसर्ग नियंत्रणासाठी हवी. आमच्याकडे कागदावर हे पद असते, पण रात्रपाळीला सिस्टर कमी पडल्या की संसर्ग नियंत्रणाची सिस्टर सर्वांत आधी वॉर्डात पाठवली जाते. त्या महिन्याची मोजणी मग अर्धीच राहते.

हात स्वच्छ करायला अल्कोहोलच्या द्रावणाने वीस-तीस सेकंद लागतात, साबण-पाण्याने चाळीस ते साठ. एका सिस्टरकडे खाटांवरचे आणि खाली गाद्यांवरचे मिळून तीस-पस्तीस रुग्ण असतील, तर प्रत्येक स्पर्शाआधी आणि नंतर हे करायला तिच्याकडे किती वेळ उरतो, याचा हिशेब धोरण लिहिणाऱ्यांनी आमच्या शेजारी उभे राहून करावा. खाटाच नसतील तर प्रतिरोधी जंतूचा रुग्ण वेगळा ठेवायचा कुठे, हाही प्रश्न आहे. दुसरीकडे ज्या गोष्टींना पैसाही लागत नाही, त्याही होत नाहीत. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री वस्तऱ्याने केस काढण्याची पद्धत अजून अनेक ठिकाणी आहे. वस्तऱ्याने त्वचेवर बारीक ओरखडे पडतात आणि जंतूंना वाट मिळते, म्हणून काढायचेच असतील तर क्लिपरने काढावेत. प्रतिबंधक प्रतिजैविक बहुतेक शस्त्रक्रियांत छेद देण्याआधी तासाभरात दिलेला एक डोस पुरेसा असतो, तरी ते पुढे पाच-सात दिवस चालू ठेवले जाते. राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने वीस मोठ्या रुग्णालयांत केलेल्या पाहणीत ७१.९ टक्के दाखल रुग्णांना प्रतिजैविक चालू होते, त्यांतली निम्म्याहून अधिक केवळ प्रतिबंध म्हणून होती आणि जंतू ओळखून नेमके औषध दिल्याची उदाहरणे फक्त ६ टक्के होती. ते वाचून माझ्या वॉर्डाचेच वर्णन वाचते आहे असे मला वाटले.

आमच्या लोकांना अजून फिनेलचा वास आला की वॉर्ड स्वच्छ वाटतो. प्रत्यक्षात पलंगाचा कठडा, सलाईनचा स्टँड, बीपीचा पट्टा आणि डॉक्टरांचा मोबाइल यांकडे कोणी पाहत नाही. हे मी मावशींना एकदा नीट समजावून सांगितले, तेव्हा कठडे पुसण्याचे काम त्यांनीच मनावर घेतले. २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘कायाकल्प’ या रुग्णालय-स्वच्छतेच्या पुरस्कार योजनेनेही सरकारी रुग्णालयांत खूप काही हलवले, हे मी स्वतः पाहिले आहे. तपासणी पथक येऊन गेल्यावर हुरूप ओसरतो, म्हणूनच वर सरांनी म्हटलेली दरमहाची बेरीज हवी.

लालबागकर, तुम्हाला आत्ता करता येईल असे एक सांगते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार रुग्णाने मागणी केल्यावर ७२ तासांत त्याची कागदपत्रे द्यावी लागतात. आईंचा संपूर्ण केस पेपर लेखी अर्ज करून मागा. प्रतिबंधक डोस किती वाजता दिला आणि छेद किती वाजता घेतला, लघवीची नळी कोणत्या दिवशी घातली आणि कोणत्या दिवशी काढली, हे त्यात दिसायला हवे. काही आढळले तर खासगी रुग्णालयांची नोंदणी महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ खाली महापालिका करते. रुग्णालय ज्या प्रभागात आहे तिथल्या वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्यांकडे तक्रार देता येते.

लालबागकर

सर्वांचे आभार. ९० दिवसांची गोष्ट आईला वाचून दाखवली. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली की म्हणजे माझ्या हाताने काही झाले नव्हते. केस पेपरसाठी उद्याच अर्ज देतो. सिस्टर, पुढच्या महिन्यात वडिलांची हर्नियाची शस्त्रक्रिया दुसऱ्या रुग्णालयात ठरली आहे. तिथे आधी काय विचारावे आणि ते कोणाला विचारावे?

संसर्ग नियंत्रण परिचारिका

दाखल होण्यापूर्वी सर्जनना भेटाल तेव्हाच विचारा, नंतर कोणाला वेळ नसतो. तुमच्याकडे संसर्ग नियंत्रणाचे काम कोण पाहते, गेल्या वर्षी हर्नियाच्या किती जखमा चिघळल्या आणि प्रतिजैविक शस्त्रक्रियेनंतर किती दिवस देणार, एवढे तीन प्रश्न पुरेत. चांगले सर्जन अशा प्रश्नांनी रागावत नाहीत. वडिलांना मधुमेह असेल तर साखर आधी आटोक्यात आणा, कारण वाढलेल्या साखरेत जखम चिघळण्याचा धोका वाढतो. केस वस्तऱ्याने काढू नका हे आदल्या दिवशी दुपारीच वॉर्डातल्या सिस्टरना सांगून केस पेपरवर लिहून घ्या, कारण ते काम रात्रपाळीत होते आणि तोंडी सांगितलेले त्या पाळीपर्यंत पोहोचत नाही.