गोंगाटाची पक्ष्यांना खरंच सवय होते का?

गच्चीवरचा:
घराशेजारी उड्डाणपूल झाल्यापासून समोरच्या अँटेनावरचा दयाळ पहाटे साडेतीनलाच सुरू होतो. ट्रकांची रांग लागेपर्यंत त्याचं निम्मं गाणं उरकलेलं असतं. आवाजाने पक्षी बदलतात, आणि त्याला ‘सवय झाली’ म्हणणं ही फक्त आपली सोय आहे.

खवचट_खंड्या:
अहो, दयाळ उजाडायच्या आधीच गातो. आमच्या गावी ना पूल ना ट्रक, तरी गातो. तुमच्याकडे रस्त्यावरचा एलईडी रात्रभर जळतो, तो बघा आधी. एका अँटेनावर सिद्धांत उभारू नका.

गच्चीवरचा:
दिव्याचं म्हणाल तर इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये नेमकं हेच तपासलं होतं, २००७ साली. तिथले रॉबिन रात्री का गातात? दिव्यापेक्षा दिवसाच्या गोंगाटाशी जास्त संबंध निघाला.

पाणकोंबडी:
पण बदललं म्हणजे बिघडलंच का? नेदरलँड्समधल्या लायडन शहरात जिथे गोंगाट जास्त, तिथले ग्रेट टिट पक्षी वरच्या पट्टीत गातात. गाड्यांची घरघर खर्जातली, त्यात खालचे सूर बुडतात, म्हणून. (२००३चा अभ्यास.) हा तर शहाणपणा झाला! आणि अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत गॅसविहिरींच्या कॉम्प्रेसरजवळ काही पक्ष्यांची घरटी जास्त वाचतात, कारण अंडी-पिल्लं पळवणारा ‘स्क्रब जे’ पक्षी त्या आवाजाला टाळतो. म्हणजे गोंगाट काहींच्या पथ्यावरच पडला की.

गच्चीवरचा:
त्याच न्यू मेक्सिकोची पुढची गोष्ट सांगायची राहिली तुमची. हाच ‘स्क्रब जे’ पिन्यॉन पाइनच्या झाडाच्या बिया जमिनीत पुरून ठेवतो. खायच्या राहिलेल्या उगवतात. तो फिरकेना, तर गोंगाटाच्या भागात पाइनची रोपंही कमी.
आणि अमेरिकेतल्याच आयडाहो राज्याचं ऐका. रस्ता नसलेल्या डोंगरधारेवर अर्धा किलोमीटर स्पीकर लावून नुसता गाड्यांचा आवाज वाजवला. धूर नाही, चाक नाही. पक्षी पावपटीहून जास्त घटले. जे थांबले त्यांतल्या काहींच्या अंगावर स्थलांतरापुरती चरबीही धरेना. शिकाऱ्याची चाहूल कानाला लागत नाही, मग पक्षी दाणा टिपायचा सोडून सारखा मान वर करून बघत बसतो. सवय म्हणायची ती हीच का?

पाणकोंबडी:
मान्य. पण सॅन फ्रान्सिस्कोत २०२०च्या लॉकडाऊनमध्ये गाड्या थांबल्या, तर तिथल्या चिमण्या (व्हाइट-क्राउन्ड स्पॅरो) लगेच हळू आणि खालच्या सुरात गायला लागल्या. आवाज कमी लावूनही गाणं दुप्पट लांब पोचत होतं! इतकं चटकन सावरतात, तर कायमचं नुकसान म्हणता येईल का?

गच्चीवरचा:
पूल उद्या पाडणार असतील तर तुमचं खरं.

खवचट_खंड्या:
परदेशवारी पुरे. रविवारी तुमच्याकडे ट्रक कमी असतील ना? उन्हाळा संपायच्या आत चार रविवार आणि चार मंगळवार, पहिली शीळ किती वाजता ते लिहून आणा.

गच्चीवरचा:
रविवारी तीनचा गजर! घरचे हाकलतील. बरं, लावतो. पण दिवा रविवारीही जळतच असतो, हं.

खवचट_खंड्या:
म्हणूनच तर रविवार म्हटलं.