मदत हवी आहे: नकाशा पसरला की माझा खेळ झोपतो

नमस्कार मंडळी,

तीन महिन्यांपासून डंजन्स अँड ड्रॅगन्स चालवतोय, 2014 सालचे पाचव्या आवृत्तीचे नियम. (टेबलाभोवती बसून खेळायचा गोष्टीचा खेळ: जग मी सांगतो, खेळाडू त्यातल्या पात्रांनी काय करायचं ते ठरवतात, आणि जिथे खात्री नाही तिथे फासा.) चार खेळाडू: कॉलेजचे दोन मित्र, मामेबहीण आणि तिचा नवरा. मारामारी जमते, सराईवाल्याचे आवाज काढणंही जमतं (मामेबहिणीला तर त्या सराईवाल्याशिवाय काही नकोच असतं). घोडं अडतं ते नकाशावर. मागच्या रविवारचा मासला बघा.

मी: बोळ संपतो. एक वाट डावीकडे, एक उजवीकडे.
ते: डावीकडे.
मी: वीस फुटांवर दार.
ते: उघडतो.
मी: खोली रिकामी आहे.
ते: बरं, मग उजवीकडे.

असं तासभर. रानात तर आणखी वाईट. हौसेनं षटकोनी कागदावर नकाशा काढला, एक षटकोन सहा मैलांचा. नेहमीच्या चालीनं दिवसाला 24 मैल, म्हणजे चार षटकोन. पडका किल्ला चार दिवसांवर, म्हणजे सोळा षटकोन, आणि प्रत्येकाला मी फासा टाकत बसलो. अडीच तासांत तीन वेळा लांडगे आले. तिसऱ्या वेळी मेव्हण्यानं मोबाइलवर स्कोअर बघायला घेतला. पुढच्या खेपेला शहाणपणा करून म्हटलं, "चार दिवसांनी तुम्ही पोचता." तर मामेबहीण म्हणते, "मग नकाशा काढलास कशाला?"

नकाशा दाखवायचा की झाकायचा? रिकाम्या खोल्यांचं काय करायचं? फासा टाकायचा कधी? पुढचा खेळ येत्या रविवारी आहे.

प्रतिसाद १

रिकाम्या खोल्या काढून टाक. वीस खोल्यांचा नकाशा असेल तर सहा ठेव. प्रश्न मिटला.

प्रतिसाद २

वरच्यांशी अर्धाच सहमत. सगळ्याच खोल्यांत काहीतरी असलं तर खेळाडू दार दिसलं की तलवार उपसतात. रिकामी खोली दम खायला, लपायला, दार अडवायला लागते. तुझी अडचण वेगळी आहे. ते डावीकडे का गेले? काहीच कारण नव्हतं. तू त्यांना वाट निवडायला सांगितली नाहीस, छापा-काटा करायला लावलास.

ट्रेक करतोस का? राजगडावरून तोरण्याला जायचंय असं धर. संजीवनी माचीच्या अळू दरवाज्यातून उतरून डोंगरधारेनं थेट तोरण्याची बुधला माची गाठता येते. नाहीतर गुंजवण्यात उतरायचं, वेल्ह्याला जायचं आणि तिथून रुळलेल्या वाटेनं चढायचं. धारेवर डोक्यावर ऊन, पाणी पाठीवर वाहायचं, आणि खेळातला शत्रू समोरच्या गडावर असेल तर तुम्ही त्याला लांबूनच दिसणार. खालून गेलात तर वस्ती लागेल, भाकरी मिळेल, पण चार माणसं विचारतील कुठून आलात. आता टेबलावर भांडण होतं की नाही बघ. दोन्ही वाटांबद्दल निघण्याआधीच काहीतरी ठाऊक आहे, म्हणून भांडण होतं. एरवी आपणसुद्धा कड्याचा आकार बघतो, गुराख्याला विचारतो, ढोरवाट आहे की माणसांची ते ओळखतो. आंधळेपणानं वळत नाही.

म्हणून सोळा षटकोन फेकून दे. गाव, ओढ्याचा उतार, पडकं देऊळ, किल्ला एवढी ठिकाणं लिही, त्यांच्यामध्ये दोन-तीन वाटा आखून प्रत्येक वाटेला एक गुण आणि एक खोड दे. चालही त्यांनाच ठरवू दे. भरभर गेले तर दिवसाला 30 मैल, पण आजूबाजूचं नजरेतून सुटतं, पॅसिव्ह पर्सेप्शन (न शोधता पात्राच्या किती लक्षात येतं तो आकडा) पाचानं उतरतं. सावकाश गेले तर 18 मैल, पण लपतछपत जाता येतं.

प्रतिसाद ३

षटकोनांना एवढ्या शिव्या नकोत! डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या 1974च्या मूळ पेटीतल्या नियमांनीच रानातल्या प्रवासासाठी ॲव्हलॉन हिल कंपनीच्या 'आउटडोअर सर्व्हायव्हल' खेळाचा पट सुचवला होता, आणि तो षटकोनीच होता. अंतर मोजायला ते बरे पडतात. पण ते तुझ्या पडद्यामागे राहू देत, खेळाडूंपुढे मांडलेस की ते घरं मोजत बसतात.

भुयारासाठी मात्र घड्याळ लाव. याच खेळाच्या 1981च्या बेसिक नियमांत एक पाळी दहा मिनिटांची, मशाल सहा पाळ्यांची, आणि दर दोन पाळ्यांनी सहा पैलूंचा फासा: एक पडला की भटकं काहीतरी समोर. कागदावर मशालीच्या सहा पाळ्यांच्या सहा चौकटी काढ, सगळ्यांना दिसतील अशा, आणि खोली धुंडाळली की एकीवर काट मार. तुझ्या त्या रिकाम्या खोलीचीही मग किंमत मोजावी लागते. आणि फाशावर एक पडला म्हणजे लांडगे आलेच पाहिजेत असं नाही. ओली पावलं, लांबून खोकल्याचा आवाज, विझत आलेली शेकोटी, एवढंही पुरतं.

धागाकर्ता

आभार! सोळा षटकोनांच्या कागदावर बायकोनं आधीच वाण्याची यादी केली आहे, तेव्हा तो प्रश्न मिटला. पण भुयाराचा नकाशा मग कोण काढणार?

प्रतिसाद ३

मामेबहीण. तिच्या हातात कोरा कागद आणि पेन्सिल दे, तू नुसतं तोंडानं सांग. कोपरा चुकला तरी दुरुस्त करू नकोस, मात्र पात्राला डोळ्यांनी दिसत असतं ते तिनं विचारलं तर लगेच सांग, त्यासाठी फासा मागू नकोस. मारामारी लागली की तेवढी एक खोली तू चौकटींच्या कागदावर काढ. आणि पुढची सगळी गोष्ट एका चोरदाराआड ठेवू नकोस. ते शोधायचा फासा फसला की दुपार फुकट.

धागाकर्ता

तोच बोळ पुन्हा लिहून बघितला: "डावीकडच्या पायऱ्या मधोमध झिजल्या आहेत, भिंतीवर मशालीची ताजी काजळी आहे. उजवीकडून गार वारा येतो, ओल्या मातीचा वास आहे, आणि छत इतकं खाली की वाकूनच जावं लागेल." चालेल?

प्रतिसाद २

छान. एक शब्द खोड: "ताजी". काजळी आहे एवढंच सांग आणि थांब. कुणीतरी बोट लावून बघतो म्हणेल, तेव्हा बोट काळं होऊ दे.