मदत हवी आहे: आईच्या पायाच्या शिरांचं इंजेक्शन, सही करू का?

अबोली_फोंडा: शुक्रवारी आईला इंजेक्शन आहे. डॉक्टर म्हणाले, मुंगी चावल्यासारखं वाटेल, लगेच घरी जा. हातात इंग्रजी फॉर्म दिला, सही करून आणा म्हणे. वाचला तर त्यात गुठळी, जखम असं बरंच काही. तोंडाने यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं. लवकर सांगा.

दर्यावर्दी: व्हेरिकोज व्हेन्स, म्हणजे फुगून वाकड्या झालेल्या शिरा, की कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक शिरा? औषध फोम म्हणजे फेसासारखं की पातळ? डॉपलर, म्हणजे शिरांतला रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी, केली का? वय?

अबोली_फोंडा: व्हेरिकोज. ६१. फुलं विकायला दिवसभर उभी असते. गुडघ्यामागे पीळ घातलेल्या सुंभासारखी शीर, संध्याकाळी चपलेचा पट्टा पायात रुततो. फोम म्हणाले. डॉपलर नाही.

माडाचीसावली: लेझरच करा. माझं झालं, तिसऱ्या दिवशी दुकानात होतो. इंजेक्शनवाल्या शिरा परत येतात.

दर्यावर्दी: लेझरचं अबोलीने विचारलेलं नाही. फार वाकड्या शिरेत लेझरची तार जातही नाही. अबोली, हे औषध शिरेचं आतलं अस्तर जाळतं, मग शीर चिकटून बंद होते. तपकिरी डाग आणि दुखरी कडक गाठ बऱ्याच जणांना होते, डाग महिनोन्‌महिने राहतात. औषध शिरेबाहेर गेलं तर त्वचेला जखम. खोल शिरेत गुठळी, जोराची ॲलर्जी क्वचित, पण होते. फोमने काहींना थोडा वेळ अंधुक दिसतं. डॉपलरशिवाय मी तरी पाय पुढे करणार नाही.

पेडण्याचापोर: दीनदयाळ कार्डावर (गोवा सरकारच्या आरोग्य विम्याच्या) होतं का हे?

सिस्टरताई: सही आईची हवी, तुझी नाही. २००८ च्या समीरा कोहली खटल्यात पेशंट बेशुद्ध असताना तिच्या आईची संमती घेतली होती, सर्वोच्च न्यायालयाने ती धरली नाही. उपचार, फायदे, मोठे धोके, दुसरे पर्याय, नाही केलं तर काय, हे सगळं पेशंटला सांगायला हवं असं त्यात स्पष्ट आहे. तिला कळेल त्या भाषेत सांगायला लाव. आधी कधी गुठळी झाली होती?

अबोली_फोंडा: हो, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पोटरीत. सहा महिने गोळ्या होत्या. ते जुनं म्हणून लिहिलं नाही.

सिस्टरताई: अगो बाय, हेच पहिलं सांगायचं! डॉक्टरांना माहीत आहे?

अबोली_फोंडा: त्यांनी विचारलंच नाही. आत्ता फोन केला. शुक्रवार रद्द, आधी डॉपलर. कोंकणीत आईशी स्वतः बोलतो म्हणाले. ती विचारतेय, चवथीला हार करायला बसता येईल ना?