मदत हवी आहे: पन्नाशीच्या उंबरठ्यावर वकिलीकडे वळावे का?

नमस्कार. एका विमा कंपनीच्या दावे विभागात मी बरीच वर्षे अधिकारी आहे. घराचे कर्ज फिटले, मुलगी नोकरीला लागली, आणि दावा नाकारल्याची पत्रे लिहिण्यापेक्षा ती पत्रे ज्यांच्या हाती पडतात त्यांच्या बाजूने ग्राहक आयोगापुढे उभे राहावे, असे आता प्रकर्षाने वाटते. (घरच्यांना हे खूळ वाटते, तो भाग वेगळा.)

तीन वर्षांच्या एलएलबीची सीईटी या वयातही देता येते. परंतु बार कौन्सिलच्या नियमांनुसार ७० टक्के हजेरी लागते आणि पूर्णवेळ पगारी नोकरीत राहून वकिली करता येत नाही. चाळिशीनंतर सनद घेतलेल्यांनी नोकरी नेमकी केव्हा सोडली, आणि सुरुवातीची वर्षे घरखर्च कसा भागवला, हे कृपया सांगावे.