डीपीएफ काढू नका
कुणीतरी डिझेल थारचा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा, एक्झॉस्टमधला फिल्टर) काढून सरळ पाइप टाकायचा सल्ला दिलाय, तो कृपया ऐकू नका. बीएस६ (प्रदूषणाचे सध्याचे निकष) गाडीत त्याचे सेन्सर ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, जोडलेले असतात. काढला की चेक इंजिनचा दिवा लागतो. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड, वर लायसन्सवर गदा. बदलायचंच तर डीपीएफच्या मागचा एक्झॉस्ट पाइपचा भाग बदला. मुंबईच्या खाऱ्या हवेत साधं लोखंड वेल्डिंगच्या सांध्यापासून गंजत जातं, म्हणून महाग पडलं तरी ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टीलच घ्या. आणि पैसे देण्याआधी गाडी रॅम्पवर चढवून खालून नीट बघा: पाइप चॅसीच्या खाली येत नाही ना, मागचं टोक बंपरखाली लोंबत नाही ना? दगडावरून उतरताना पहिला मार त्या टोकालाच बसतो.