परदेशातलं बौद्ध देऊळ आणि सोबतीला तिथलाच माणूस: तुमचे अनुभव

परदेशात राहत असताना तिथल्या मित्रमैत्रिणीबरोबर बौद्ध देवळात गेला आहात का? फिरायला म्हणून नव्हे, "मी चाललोय, येतोस का?" असं कुणी विचारलं म्हणून. देवळाचा इतिहास कुठेही वाचायला मिळतो. सोबतच्या माणसाने काय केलं, तुम्हाला काय करायला लावलं, ते लिहा.

सुरुवात मी करतो. टोकियोत ऑफिसातली एक सहकारी मला असाकुसाच्या सेन्सोजीला घेऊन गेली. आवारातल्या मोठ्या धूपदानाशी लोक दोन्ही हातांनी धूर अंगावर ओढून घेत होते, ज्याचं जे दुखतं तिथे. तिने खांद्यावर घेतला आणि म्हणाली, "एक्सेल." मग १०० येन टाकून ओमिकुजी, म्हणजे भविष्याची चिठ्ठी. धातूचा डबा खुळखुळवायचा, भोकातून काडी बाहेर येते, तिच्यावरच्या आकड्याचा खण उघडून चिठ्ठी काढायची. माझी निघाली 'क्यो', म्हणजे अशुभ. अशी चिठ्ठी घरी न्यायची नाही, तिथेच बांधून टाकायची. सेन्सोजीत क्यो जरा सढळ हातानेच वाटतात असा लौकिक आहे, हे बाईंनी मी गाठ मारून झाल्यावर सांगितलं.

• • •

सोलमध्ये शिकत होते. कोरियात शाकाहारी राहायचं म्हणजे रोजची कसरत, किमचीतसुद्धा मासळी असते. मैत्रीण चर्चला जाणारी, पण तिची आजी पक्की बौद्ध. बुद्धजयंतीला आजीने आम्हा दोघींना तिच्या नेहमीच्या देवळात नेलं. आवारभर रंगीत कागदी कंदील, प्रत्येकाखाली कुणाच्या तरी नावाची चिठ्ठी लोंबतेय. आजीने बसकर टाकली आणि १०८ दंडवत घालायला सुरुवात केली. उभं राहायचं, गुडघे टेकायचे, कपाळ टेकवायचं, परत उभं. आम्ही दोघी अर्ध्यातच भिंतीला टेकलो, आजी शेवटपर्यंत एका लयीत. नंतर सगळ्यांना फुकट बिबिम्बाप, म्हणजे भाज्या घालून कालवायचा भात. तिथल्या देवळांच्या स्वयंपाकात मांसमच्छी नाहीच, शिवाय कांदा-लसूणही वर्ज्य. आमच्याकडे चातुर्मासात असंच चालतं म्हटल्यावर आजीने माझ्या वाडग्यात आणखी एक डाव भात वाढला.

• • •

यांगूनला नोकरी होती. श्वेडगॉनच्या पायऱ्यांशी चपला काढतानाच बर्मी मित्राने विचारलं, जन्मवार कोणता? तारीख पाठ, वार कुणाला ठाऊक! आईला फोन लावला. "बुधवार. का रे, मुलगी बघितलीस की काय?" मित्राचा पुढचा प्रश्न: दुपारच्या आधी की नंतर? पुन्हा फोन. बर्मी हिशेबात बुधवारचे दोन भाग, त्यामुळे वार आठ, दिशाही आठ, आणि स्तूपाभोवती प्रत्येक वाराची जागा ठरलेली. मी निघालो दुपारनंतरचा: वायव्य दिशा, बिनसुळ्यांचा हत्ती आणि ग्रह राहू. राहू ऐकून आईने फोनवरच शांत करायला सांगितली. मित्राकडे सोपा उपाय होता. तिथल्या बुद्धमूर्तीवर वयाइतके पेले पाणी घालायचं, वर एक जास्तीचा. त्याच्या घरची रीत. तो स्वतः सोमवारचा, त्यामुळे मला तिथे सोडून पूर्वेला वाघाकडे गेला.

• • •

मी नागपूरची, घरात रोज त्रिशरण-पंचशील. कोलंबोत शेजारच्या अक्का (हो, तिथेही मोठ्या बहिणीला अक्काच म्हणतात) मला पौर्णिमेला केलणीयाच्या विहारात घेऊन गेल्या. श्रीलंकेत दर पौर्णिमेला सुट्टी असते. पांढरी साडी नेसून ये, म्हणाल्या. ती तर मी निघतानाच बॅगेत घातलेली. तिथे 'नमो तस्स' सुरू झालं आणि मी पुढचं म्हणत गेले, तेव्हा त्या स्वतःचं म्हणायचं थांबून माझ्याकडे बघत राहिल्या. परतताना १४ ऑक्टोबर १९५६, दीक्षाभूमी, बाबासाहेब, सगळं सांगितलं.

पण मधे एक झालं. त्याच आवारात बिभीषणाचं देवालय आहे, विष्णूचंही. अक्का फळांचं ताट घेऊन रांगेत लागल्या. मी बाहेर थांबले. बावीस प्रतिज्ञा म्हणणाऱ्या घरातली मी, विष्णूपुढे हात कशी जोडणार? त्यांना तसं सांगितलं. त्यांना राग नाही आला, नवल वाटलं. "बुद्धाकडे काही मागायचं नसतं हे मलाही माहीत आहे," त्या म्हणाल्या, "पण पोराची परीक्षा आहे." आमची मतं काही जुळली नाहीत. ताटातलं अननस मात्र दोघींनी मिळून खाल्लं.

• • •

वर जपान आलंच आहे, म्हणून थोडक्यात. हिगानला, म्हणजे दिवसरात्र समान होतात त्या सुमाराला, मित्राबरोबर त्याच्या आजोबांच्या कबरीवर गेलो होतो. देवळामागेच कबरस्तान. दगड धुतला, पाणी घातलं, उदबत्त्या लावल्या. मागे सोतोबा, म्हणजे उंच लाकडी पट्ट्या उभ्या होत्या. त्यांवरची वरची अक्षरं मित्राला वाचता येत नव्हती. ती सिद्धम्, संस्कृत लिहायची जुनी भारतीय लिपी. मोबाइलवर तक्ता काढून लावून पाहिलं: ख, ह, र, व, अ. वरून आकाश, वायू, अग्नी, जल आणि तळाला पृथ्वी. त्याने लगेच फोटो काढून वडिलांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं: एका पट्टीचे काही हजार येन देतोय इतकी वर्षं, अर्थ आज कळला. पुढच्या वेळी त्याच्या आईच्या माहेरच्या पट्ट्यांचे फोटो माझ्याकडे आले. त्यात एक अक्षर निराळंच होतं. कुणाला सिद्धम् येत असेल तर सांगा, फोटो पाठवतो.