डास हाकलायचे की त्यांचे पाणी काढायचे?

ए-४०३ (२० ऑगस्ट, सकाळी ९.१०)
सोसायटीतील सर्वांना नमस्कार. आमची मुलगी आठ महिन्यांची आहे आणि गेले चार दिवस तिच्या हातापायांवर डासांच्या चाव्यांच्या गांधी उठत आहेत. बंद खोलीत तिच्याजवळ कॉइल लावण्याची माझी तयारी नाही आणि रात्रभर लिक्विडचे मशीन चालू ठेवायचीही धास्ती वाटते. कडुलिंब, कापूर, गवती चहा यांपासून घरी करता येण्याजोगे उपाय कोणी प्रत्यक्ष केले असतील, तर कृपया प्रमाणासह सांगावेत.

सी-१०२ (९.२५)
वहिनी, आम्ही लिक्विडची रिकामी बाटली धुऊन तिच्यात कडुलिंबाचे तेल आणि भीमसेनी कापराची पूड भरतो व तीच मशीनला लावतो. खर्च अगदी किरकोळ येतो आणि खोलीत कापराचा प्रसन्न वास राहतो.

बी-७०१ (९.४०)
आमच्या गावी दिवेलागणीला गोवरीच्या निखाऱ्यावर कडुलिंबाचा वाळलेला पाला आणि ऊद टाकून घरभर धुरी फिरवत असत. मी नेरूळला आल्यापासून, म्हणजे तीस वर्षे, पावसाळ्यात ही धुरी चुकवलेली नाही. ए-४०३ च्या सूनबाईंनी संध्याकाळी दहा मिनिटे धुरी द्यावी आणि मग दारे-खिडक्या उघडाव्यात.

ए-२०४ (९.५२)
आजी, तुमच्या अनुभवाबद्दल पूर्ण आदर आहे, परंतु माझ्या मुलाला दमा आहे आणि जिन्यातून आलेल्या धुरानेही त्याची छाती भरते. पाला कडुलिंबाचा असला तरी धुरातले बारीक कण फुफ्फुसात जातातच. बाळाच्या घरात तरी कोणताही धूर नसावा, असे मला मनापासून वाटते.

बी-२०१ (१०.३५)
मी तेहतीस वर्षे प्राणिशास्त्र शिकवले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आजचा दिवसही त्याला साजेसा आहे, कारण १८९७ मध्ये २० ऑगस्टलाच रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत डासाच्या जठराच्या भिंतीत मलेरियाचे परजीवी दिसले होते.

आधी डास कोणता ते पाहावे लागेल. बाळाला दिवसा, विशेषतः सकाळी आणि मावळतीच्या सुमारास चावे बसत असतील, तर तो बहुधा एडिस, म्हणजे पायांवर पांढरे पट्टे असलेला, डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणारा डास असतो. रात्री कानाशी गुणगुणतो तो बहुतेक वेळा क्युलेक्स, आणि त्याला गटारासारखे घाण पाणी चालते. एडिसला मात्र भांड्यात साठलेले स्वच्छ पाणी लागते. आपल्याकडे डास म्हटले की सगळे जण होल्डिंग पॉण्ड (पावसाचे पाणी साठवण्याचे तळे) आणि खाडीकडच्या खारफुटीकडे बोट दाखवतात, परंतु एडिस साधारणपणे जन्मल्या जागेपासून एक-दोनशे मीटरपलीकडे फारसा जात नाही. म्हणजे दिवसा चावणारा डास आपल्याच आवारात, कदाचित आपल्याच घरात जन्मलेला असतो, आणि घरगुती उपायांचा विचार तिथूनच करायला हवा.

सी-१०२ चा उपाय हल्ली घरोघरी केला जातो, तरीही तो करू नये असे मी आग्रहाने सांगेन. बाटलीतली वात आणि मशीनची उष्णता ही त्या कंपनीच्या पातळ द्रावणासाठी ठरवलेली असते. कडुलिंबाचे तेल दाट असते, ते वातीत नीट चढत नाही आणि कीटकांवर परिणाम करणारे त्यातले घटक एवढ्या उष्णतेने सहज उडत नाहीत. खोलीत दरवळतो तो मुख्यतः कापूर. कापूर ज्वलनशील आहे. काही जण तेल पातळ व्हावे म्हणून त्यात टर्पेंटाइन किंवा रॉकेल घालतात, ते तर रात्रभर तापणाऱ्या मशीनजवळ ठेवणे सरळसरळ धोक्याचे आहे. शिवाय कापूर अगदी थोडा जरी लहान मुलाच्या पोटात गेला तरी आकडी येऊ शकते, म्हणून त्याची डबी देवघरातही मुलांच्या हाताला लागू देऊ नये.

वहिनी, बाळाच्या अंगाला सध्या घरचे कोणतेही तेल डासांसाठी म्हणून लावू नका. गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, खिडक्यांना जाळी आणि वर पंखा, एवढे पुरेसे आहे. पंखा हा साधा वाटला तरी फार चांगला उपाय आहे, कारण डासाला जोराच्या वाऱ्यात उडता येत नाही आणि ज्या श्वासाच्या मागावर तो येतो तो श्वासही वाऱ्याने पांगतो. मच्छरदाणी दिवसाच्या झोपेलाही लावावी. आपण ती रात्रीसाठीच समजतो, आणि एडिस तर दिवसाच चावतो.

ए-४०३ (१०.५०)
काका, मनःपूर्वक आभार. दुपारच्या झोपेला आम्ही मच्छरदाणी खरोखरच लावत नव्हतो. आम्हा मोठ्यांसाठी अंगाला लावण्याजोगे काही असेल तर तेही सांगाल का?

बी-२०१ (११.१५)
१०० मिली खोबरेल तेलात २ मिली कडुलिंबाचे तेल, म्हणजे २ टक्के, मिसळून उघड्या हातापायांना लावावे. भारतात याच प्रमाणाच्या चाचण्या झाल्या असून त्यांचे निष्कर्ष १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. मलेरिया पसरवणाऱ्या ॲनोफिलिसवर त्याचा चांगला परिणाम दिसला, एडिसवर मात्र त्याहून कमी. प्रथम कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस पाहावे. खाज किंवा लाली आली तर वापरू नये. बाटलीवर चिठ्ठी चिकटवून ती उंचावर ठेवावी, कारण कडुलिंबाचे तेल लहान मुलाच्या पोटात चमचाभर गेले तरी गंभीर विषबाधा झाल्याची उदाहरणे आहेत.

गवती चहाबद्दल एक गैरसमज दूर करतो. आपण चहात घालतो ते गवत आणि सिट्रोनेला तेलाचे गवत एकाच कुळातली भावंडे आहेत, पण एक नव्हेत. दोन्हींच्या वासाने डास दूर राहतात, परंतु तो वास लवकर उडतो आणि तासाभरात पुन्हा लावायची वेळ येते. नुसती कुंडी खिडकीत ठेवून डास थांबत नाहीत. तुळशीचेही तसेच, आणि लिंबात लवंगा खोचून टेबलावर ठेवण्याचेही. अधिक वेळ टिकणारे वनस्पतिजन्य द्रव्य हवे असेल तर लिंबाच्या वासाच्या निलगिरीपासून मिळणारे पीएमडी हे द्रव्य आहे, पण ते तयारच घ्यावे लागते आणि तीन वर्षांखालील मुलांना लावत नाहीत.

सी-५०३ (११.३०)
माझ्याकडे दोन मांजरी आहेत. निलगिरी, टी-ट्री अशी तेले पाण्यात घालून फवारणे त्यांच्यासाठी ठीक आहे का?

बी-२०१ (११.४२)
ताई, मांजरे असलेल्या घरात ही तेले फवारू नयेत. त्यांच्या यकृताला अशा सुगंधी तेलांतील अनेक घटकांचा निचरा नीट करता येत नाही, आणि अंगावर पडलेले तेल ती चाटूनच पोटात घेतात. तुमच्याकडे जाळी आणि पंखा हेच उत्तम.

ए-६०१ (दुपारी १२.०५)
विषय निघालाच आहे म्हणून विचारते. आमच्या ओट्याखाली तपकिरी रंगाची लहान झुरळे झाली आहेत. तमालपत्र ठेवले, कडुलिंबाचे पाणी फवारले, तेवढ्यापुरती ती दिसेनाशी होतात आणि आठवड्याने परत येतात.

ए-५०१ (१२.१२)
ती बहुधा त्या आठवड्यात आमच्याकडे मुक्कामाला येतात. आमच्या सिंकखाली गेल्या पंधरवड्यात दोनदा अचानक झुरळे वाढली होती आणि मी हे कोणावर दोष म्हणून लिहीत नाही, परंतु आपला डक्ट एकच आहे.

बी-२०१ (१२.४०)
आपल्या चर्चेतला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा ए-५०१ ने मांडला आहे. स्वतंत्र बंगल्यात कीटक हाकलला तर तो अंगणात जातो, इमारतीत हाकलला तर तो डक्टमधून शेजाऱ्याकडे जातो. म्हणून झुरळांसाठी वासाचे उपाय करू नयेत. त्यांना खाऊ घालून संपवावे. बोरिक पावडर आणि कणीक समान घेऊन, थोडी साखर व पाण्याचा हात लावून हरभऱ्याएवढ्या गोळ्या कराव्यात आणि बाटलीच्या झाकणांत ठेवून फ्रिजमागे, ओट्याखाली, गॅसच्या पाइपाजवळ सरकवाव्यात. परिणाम दोन दिवसांत दिसत नाही, आठवडा-दोन आठवडे द्यावे लागतात. या लहान झुरळाची मादी तीस-चाळीस अंड्यांची पिशवी पोटाशी घेऊन हिंडते, त्यामुळे गोळ्या सुकल्या की नव्या ठेवाव्यात. हे काम दोन्ही मजल्यांनी एकाच दिवशी केले तरच उपयोग. बोरिक पावडर खनिज असली तरी पोटात गेली तर विषच आहे, म्हणून रांगणाऱ्या मुलांच्या आणि मांजरांच्या घरी हा उपाय करायचा नाही.

बी-७०१ (१.०५)
आम्ही पूर्वी वर्षाच्या तांदळाला पोरकिडे लागू नयेत म्हणून बोरिक पावडर चोळून ठेवत असू. आता तुमचे वाचून काळजी वाटू लागली आहे.

बी-२०१ (१.२०)
आजी, ती पद्धत घरोघरी होती, पण आता ती सोडावी हेच बरे. तुरीच्या डाळीला आपण एरंडेलाचा हात लावतो तो उपाय उत्तम आहे, कारण तेलाच्या पातळ थरामुळे किडीला दाण्यावर अंडी घालणे कठीण जाते. तांदळासाठी कडक ऊन, कोरडा घट्ट डबा आणि त्यात कडुलिंबाचा सावलीत पूर्ण वाळवलेला पाला पुरे. पाला ओलसर राहिला तर तांदळाला बुरशी येते, म्हणून तो हाताने चुरडल्यावर मोडला पाहिजे.

सी-३०४ (१.३०)
मुंग्यांचा माझा अनुभव लिहिते. हळदीची रेघ ओढण्याआधी मुंग्यांची रांग जिथून येते ती फरशी साबणाच्या पाण्याने पुसून घ्यावी. मुंग्या मागे गंध सोडत चालतात आणि तो पुसला गेला की मागच्यांना वाट सापडत नाही. केळ्यांवरच्या चिलटांसाठी मी वाटीत थोडे व्हिनेगर आणि भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब घालून ठेवते. साबणामुळे चिलटे पाण्यावर बसू शकत नाहीत, बुडतात. बाथरूममध्ये पिठासारखी भुरी पाखरे दिसत असतील तर तिथे व्हिनेगरचा उपयोग नाही, त्यांच्या अळ्या मोरीच्या जाळीखालच्या बुळबुळीत थरात असतात आणि तो थर ब्रशने खरवडूनच काढावा लागतो.

सचिव (सायंकाळी ६.१५)
ही सर्व चर्चा मी लक्षपूर्वक वाचली. रविवारी सकाळी ९ वाजता प्रत्येक विंगमधून दोन सदस्यांनी यावे, आपण गच्ची, डक्ट आणि पार्किंग एकत्र पाहू. तोपर्यंत प्रत्येकाने आपल्या घरातील कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे, मनी प्लांटची बाटली आणि बंद ठेवलेल्या संडासाची टाकी तपासावी.

सचिव (रविवार, सकाळी ११.४०)
पाहणीचा अहवाल देत आहे. दोन टाक्यांच्या ओव्हरफ्लो पाइपांना जाळी नव्हती, ती आजच बसवली. ए विंगच्या डक्टमध्ये तळाशी एसीचे पाणी साचत होते, तिथला निचरा मोकळा केला. मात्र सर्वांत जास्त अळ्या गच्चीवर मिळाल्या. गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवातील कारंज्याचा टब मखराच्या सामानामागे उघडा पडून होता, आणि त्यात वीतभर पावसाचे पाणी होते.

बी-२०१ (११.५५)
टबातले पाणी गटारात न टाकता गच्चीच्या तापलेल्या लादीवर पसरून टाकले, म्हणजे अळ्या सुकून मरतील. टब नुसता उपडा करून चालणार नाही. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेवर भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही कित्येक महिने जिवंत राहतात, त्यामुळे तो टब काथ्याने आतून घासून, साबणाने धुऊनच ठेवावा लागेल.

ए-४०३ (१२.१०)
आमचा बेडरूम त्या टबाच्या अगदी खाली नाही, परंतु गच्चीचा जिना आमच्याच बाजूला आहे. चार दिवस दुपारीही मच्छरदाणी लावल्यापासून बाळाच्या अंगावर एकही नवी गांध नाही. टब घासायला मी आणि माझे यजमान येतो.

सचिव (१२.२०)
धन्यवाद. उत्सव समितीशी बोलून ठरवले आहे की यंदाही कारंजे लावायचे, पण अंड्यापासून डास व्हायला या दिवसांत आठ-दहा दिवस पुरतात हे लक्षात घेऊन पाचव्या दिवशी ते पूर्ण रिकामे करून, घासून पुन्हा भरायचे. ए-५०१ आणि ए-६०१ यांनी झुरळांच्या गोळ्या आज संध्याकाळी एकाच वेळी ठेवायच्या आहेत. त्याच ओळीतील इतर मजल्यांनीही ठेवाव्यात. ज्यांच्याकडे बोरिक पावडर नसेल त्यांनी माझ्याकडून न्यावी, आणि ज्यांच्या घरी रांगते मूल किंवा मांजर असेल त्यांनी तसे कळवावे, म्हणजे त्यांच्या वरच्या-खालच्या मजल्यावर जास्त गोळ्या ठेवता येतील.